आरोग्य वेगळे, रूप वेगळे: शरीरप्रतिमेवर काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

‘माझे शरीर निरोगी आहे का?’ आणि ‘मला माझे शरीर कसे वाटते?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, परंतु आपल्याकडे ते बहुधा एकाच दमात विचारले जातात आणि त्यामुळे दोहोंची उत्तरे चुकतात. ज्याला रक्तातील साखर तपासून घ्यायला हवी तो लाजेपोटी दवाखान्यात जातच नाही, आणि जिच्या सर्व तपासण्या उत्तम आहेत ती मात्र पोट कमी व्हावे म्हणून वर्षानुवर्षे अर्धपोटी राहते. या लेखातील सर्व पायऱ्या हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याच्या एकाच हेतूने मांडल्या आहेत.

मी स्वतः बराच काळ वजनकाट्यावरील आकडा पाहूनच दिवस चांगला की वाईट हे ठरवत असे आणि पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या, म्हणजे औषधांऐवजी संवाद आणि सराव यांतून मनाच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या, मदतीने त्यातून बाहेर आले. कोणत्या क्रमाने काय करावे हे त्या वेळी मराठीत एका ठिकाणी लिहिलेले मिळाले नाही, म्हणून तो क्रम येथे देत आहे. आजाराचे निदान करण्याचा माझा अधिकार नाही. ते डॉक्टरांचे काम आहे.

शरीरप्रतिमा ही संकल्पना ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ मध्ये सविस्तर मांडली. आपल्या मनात आपल्या शरीराचे जे चित्र तयार होते, ते म्हणजे शरीरप्रतिमा. त्या चित्रात डोळ्यांना दिसलेले असते, तसेच शाळेत पडलेले टोपणनाव, आत्याचा शेरा, जाहिरातीतला चेहरा आणि त्या दिवशीची मनःस्थितीही असते. म्हणूनच वजन दहा किलोने उतरल्यावरही अनेकांना आरशात जुनेच शरीर दिसत राहते.

सुरुवातीला जवळ काय असावे

- एक साधी वही. मोबाइलमध्ये लिहू नये, कारण त्याच मोबाइलवर पुढे काम करायचे आहे.
- शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी.
- गेल्या वर्षभरातील रक्ततपासणीचे अहवाल, असल्यास.
- सध्या घेत असलेली औषधे, पूरक पावडरी आणि चेहऱ्याला लावायची मलमे यांची यादी, शक्यतो वेष्टनासह.
- विश्वासातील एक व्यक्ती, जिला तुम्ही काय करत आहात हे ठाऊक असेल. ती घरातीलच असली पाहिजे असे नाही.

पायरी १: तक्रार नेमक्या शब्दांत लिहा

‘मी जाड आहे’, ‘मी काडीपैलवान आहे’, ‘माझा रंग उजळ नाही’ अशी वाक्ये तक्रार वाटतात, पण ते इतरांनी दिलेले शिक्के असतात. त्याऐवजी कोणत्या प्रसंगी, कोणासमोर आणि काय करताना त्रास होतो ते लिहा: ‘लोकलमध्ये बसताना शेजारच्याची जागा अडते आहे असे वाटते’, ‘बाळंतपणानंतर साडी नेसताना पोटाकडे पाहवत नाही’, ‘जिममध्ये इतर मुलांसमोर टी-शर्ट काढता येत नाही’. आठवडाभर असे लिहिले की एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते. त्रास दिवसभर सारखा नसतो. तो ठरावीक माणसांसमोर, ठरावीक ठिकाणी आणि बहुतेक वेळा काही पाहिल्यानंतर किंवा ऐकल्यानंतर वाढतो.

पायरी २: आरोग्याचा प्रश्न योग्य मापांनी सोडवून बाजूला ठेवा

हे काम आधीच उरकावे. अन्यथा पुढच्या प्रत्येक पायरीवर ‘पण मी खरोखरच आजारी असले तर?’ ही शंका आड येत राहते.

सर्वांना ठाऊक असलेले माप म्हणजे बीएमआय (बॉडी मास इंडेक्स): किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १.५८ मीटर आणि वजन ६२ किलो असेल तर उत्तर सुमारे २४.८ येते. येथेच पहिला सापळा आहे. जागतिक पातळीवर वापरल्या जाणाऱ्या मर्यादेनुसार २५ च्या खालचा हा आकडा सामान्य ठरतो, तर भारतीय प्रौढांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जात असल्याने तोच आकडा जादा वजनात मोडतो. इंटरनेटवरील कोणत्या गणकयंत्राने कोणती मर्यादा वापरली आहे हे न पाहता घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही व्यर्थ.

दुसरी बाब अशी की हे सूत्र मुळात एकेका माणसासाठी बनलेलेच नव्हते. बेल्जियन गणितज्ञ आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात लोकसमूहांच्या सरासरीचा अभ्यास करताना ते मांडले आणि अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले. समूहासाठी ते उपयोगी आहे. व्यक्तीविषयी ते किती थोडे सांगते याचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे याज्ञिक आणि त्यांचे सहकारी नवजात बाळांपासून अभ्यासत आले आहेत. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा: ‘तू काय, सडपातळच आहेस’ हे आरोग्याचे प्रमाणपत्र नाही आणि ‘किती सुटलीस’ हे निदान नाही.

म्हणून कंबरेचा घेर मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पट्टी आडवी धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता माप घ्यावे. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही सावध होण्याची मर्यादा मानतात. त्यानंतर फॅमिली डॉक्टरांकडे रक्तदाब तपासून घ्या आणि रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड व हिमोग्लोबिन यांपैकी कोणत्या तपासण्या तुम्हाला लागू आहेत ते त्यांनाच ठरवू द्या. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस वाढत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण पीसीओएससारख्या (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा विकार) विकारांत वजन वाढण्याचे कारण इच्छाशक्तीच्या अभावात शोधणे हा रुग्णावर अन्याय आहे.

डॉक्टर जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून तारीख घाला. पुढची तपासणी केव्हा करायची तेही तेथेच लिहा. तोपर्यंत आरोग्याचा प्रश्न मिटला असे समजावे आणि तो आरशाला विचारू नये.

पायरी ३: तपासणे, टाळणे आणि लपवणे या सवयींची नोंद ठेवा

शरीराविषयीचे विचार थेट बदलणे कठीण असते, त्या मानाने सवयी लवकर हाती लागतात. या सवयी तीन प्रकारच्या असतात. दिवसातून अनेकदा वजन करणे, पोटाची वळी चिमटीत धरून पाहणे किंवा दुकानाच्या काचेत स्वतःला निरखणे हे तपासणे झाले. फोटोत मागच्या रांगेत जाणे, पोहायला न जाणे, लग्नसमारंभच चुकवणे हे टाळणे. उन्हाळ्यातही जॅकेट न काढणे किंवा ओढणीने सतत पोट झाकणे हे लपवणे. त्या क्षणी तिन्हींमुळे बरे वाटते आणि म्हणूनच त्या पक्क्या होतात. दीर्घकाळात मात्र शरीरात काहीतरी लपवण्यासारखे आहे, ही समजूत त्या दृढ करतात.

यातली एकच सवय निवडा, शक्यतो सर्वांत सोपी. रोज चार वेळा वजन करत असाल तर आधी दिवसातून एकदा आणि मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दोन दिवसांत एक-दोन किलोचा फरक हा पाणी, मीठ, पाळीचे दिवस आणि पोटातील अन्न यांचा असतो. दोन दिवस भात सोडून ‘दीड किलो उतरले’ असे जे दिसते त्यात मोठा वाटा पाण्याचाच असतो, कारण शरीरात साठवलेल्या कर्बोदकांसोबत त्यांच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणीही धरलेले असते. भात परत सुरू झाला की ते पाणी परत येते आणि माणूस विनाकारण स्वतःला दोष देतो.

पायरी ४: आरशासमोर वर्णन करायला शिका

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वापरतात त्या पद्धतीचे हे सौम्य रूप आहे. आरशापासून हातभर मागे, संपूर्ण शरीर दिसेल असे उभे राहा आणि डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने, एखाद्या चित्रकाराला समजेल अशा शब्दांत स्वतःचे वर्णन करा: ‘खांदे रुंद आहेत, उजवा थोडा खाली आहे, पोट गोलसर आहे, त्यावर फिकट रेषा आहेत.’ ‘बेढब’, ‘घाणेरडे’, ‘लटकलेले’ असे शब्द आले की थांबून त्याच भागाचे पुन्हा वर्णन करा. कोणताही अवयव गाळू नये आणि कोणत्याही एकावर रेंगाळू नये. सुरुवातीला पूर्ण कपड्यांत, पाच मिनिटे पुरेत.

‘मी सुंदर आहे’ असे आरशासमोर म्हणण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. मला तो फारसा पटत नाही. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही त्याला ते वाक्य खोटे वाटते आणि खोटे बोलल्याची भावना तेवढी उरते. त्याऐवजी शरीर काय करते ते लिहिणे अधिक उपयोगी पडते. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या संशोधक जेसिका अलेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लेखन स्त्रियांकडून करून घेतले, तेव्हा त्यांचे शरीराविषयीचे समाधान वाढलेले आढळले. लिहिताना मोठे पराक्रम शोधू नका: डोंगर चढणारे पाय हवेतच असे नाही, दळण आणणारे हात, बाळाला झोपवणारा खांदा, चिंचगुळाची आमटी ओळखणारी जीभ, सगळे चालते.

पायरी ५: फोटो आणि मोबाइल

आधी एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी. हाताच्या अंतरावरून काढलेला सेल्फी चेहरा विकृत करतो, कारण कॅमेऱ्याजवळ असलेले नाक गालांच्या मानाने मोठे दिसते. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी केलेल्या गणितानुसार सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के अधिक भासते. सेल्फी पाहून नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्यांनी प्रथम दुसऱ्या कोणाला तरी लांबून फोटो काढायला सांगावे.

मग वापराच्या वेळेकडे वळा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या तरुणांपैकी एका गटाने समाजमाध्यमांचा वापर दिवसाला ६० मिनिटांवर आणला आणि तीन आठवड्यांतच त्या गटाचे स्वतःच्या रूपाविषयीचे मत सुधारले. अॅप काढून टाकण्याची गरज नाही. ज्या खात्यांमुळे पाहून झाल्यावर स्वतःच्या शरीराकडे लक्ष जाते ती अनफॉलो करा, आणि ओळखीच्या माणसाचे खाते असेल तर म्यूट करा, म्हणजे नाते दुखावत नाही. ‘व्यायामाची प्रेरणा’ देणारी खाती बहुधा याच यादीत निघतात. घरचा कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपही तपासा. जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून ‘ओळखा पाहू कोण’ असा खेळ तेथे चालतो आणि त्याखालचे शेरे कोणत्याही अनोळखी माणसाच्या शेऱ्यांपेक्षा खोल लागतात.

पायरी ६: शेरे मारणाऱ्या माणसांसाठी उत्तर तयार ठेवा

ही पायरी आपल्या समाजात सर्वांत अवघड आहे. गणपतीत किंवा बारशाला जमलेल्या नातेवाइकांना हालहवाल विचारण्याची सुरुवातच शरीरापासून करण्याची सवय असते. ‘केवढी वाळलीस गं’, ‘पोट बघ कसं सुटलंय तुझं’, ‘उन्हात फिरून काळवंडलास’ यांत बहुतेकदा द्वेष नसतो. काळजी दाखवण्याची ती एक जुनी रीत आहे आणि बोलणाऱ्या काकूंनी स्वतः तारुण्यात तसलेच ऐकलेले असते. हेतू समजून घेतला तरी परिणाम सहन करत राहणे बंधनकारक नाही.

वडीलधाऱ्यांशी वाद घालून क्वचितच काही निष्पन्न होते. विषय बदलणारे छोटे वाक्य आधीच पाठ असावे. ‘मावशी, तब्येत उत्तम आहे, परवाच डॉक्टरांनी पाहिले. तुमच्या गुडघ्याचे काय म्हणतात?’ असे म्हटले की बोलणे दुसरीकडे वळते आणि मानही राखला जातो. रोज बोलणाऱ्या जवळच्या माणसांशी, म्हणजे आईशी, सासूबाईंशी किंवा जोडीदाराशी, शांत वेळ पाहून सविस्तर बोलावे: ‘आई, माझ्या जेवणाबद्दल सगळ्यांसमोर बोललीस की मी नंतर चोरून खाते. काही सांगायचे असेल तर मला एकटीला सांग.’ परिणाम दाखवणारे असे वाक्य आरोपापेक्षा लवकर ऐकले जाते. सगळेच ऐकतील असे नाही. काहींच्या भेटी कमी कराव्या लागतात आणि तेही चालते.

लग्न जुळवताना प्रश्न आणखी टोकदार होतो. बायोडाटातील ‘वर्ण’ हा रकाना गोरा, निमगोरा, गव्हाळ अशा श्रेणी लावतो; मुलांच्या बाबतीत तेच काम उंची आणि डोक्यावरचे केस करतात. तो रकाना गाळून बायोडाटा छापता येतो. घरचे घाबरतात, परंतु रंगावरून नकार देणारे स्थळ कांदेपोह्यांच्या आधीच गळले तर दोन्ही घरांचा वेळ वाचतो. फोटो मात्र फिल्टर न लावलेला द्यावा.

पायरी ७: जेवण आणि व्यायाम यांना शिक्षेपासून सोडवा

बीएमआयला नाव देणाऱ्या अँसेल कीज यांनीच १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला होता. त्या काळात हे तरुण चिडखोर आणि उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली आणि प्रयोग संपल्यावर अनेकांना खाणे आवरेना. रात्री डबे उघडून खाणाऱ्याने स्वतःला हावरट म्हणण्याआधी दिवसभरात आपण किती उपाशी होतो ते पाहावे. वेळेवर पुरेसे जेवण हा या चक्रावरचा पहिला उपाय आहे.

येथे एका सापळ्याविषयी सावध करावेसे वाटते, कारण तो घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. उपवास. संकष्टी, एकादशी, नवरात्र हे श्रद्धेचे दिवस आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु एखाद्या मुलीचे आठवड्यातील उपवास वाढत चालले असतील, ती उपवास सोडायच्या वेळीही ताटावर बसायचे टाळत असेल आणि घरचे ‘किती धार्मिक आहे’ म्हणून कौतुक करत असतील, तर हा उपवास देवासाठी आहे की वजनासाठी, हे तिच्याशी एकांतात, न रागावता बोलून पाहावे.

व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे प्रमाण पुरेसे आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. ‘काल श्रीखंड खाल्ले म्हणून आज दुप्पट धावायचे’ असा हिशेब सुरू झाला की व्यायामाचा प्रकार बदलावा.

पायरी ८: झटपट उपायांच्या बाजारापासून दूर राहा

‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला, पण गोरेपणाची मागणी काही गेली नाही. यातली खरी धोकादायक वस्तू वेगळी आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टिरॉइडे असलेली मलमे काही दिवस चेहरा उजळल्याचा भास देतात. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे येतात आणि मलम थांबवताच दाह वाढतो. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरीही ‘तुमच्या मैत्रिणीने नेले तेच’ म्हणून ती काउंटरवरून सर्रास मिळतात. वेष्टनावरील घटक वाचा. घटकच छापलेले नसतील तर ते क्रीम लावू नका, कारण काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो. स्टिरॉइडचे मलम बरेच दिवस लावत असाल तर मनाने बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

मुलांच्या बाबतीत हीच जागा जिममधील इंजेक्शनांची आहे. स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, पुरुषी संप्रेरकासारख्या अॅनाबॉलिक स्टिरॉइडांमुळे वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, छाती स्त्रियांसारखी वाढू शकते आणि हृदयावर ताण येतो. दंड पुरेसे मोठे नाहीत असे भक्कम शरीराच्या मुलाला सतत वाटणे हाही शरीरप्रतिमेचाच विकार आहे.

पायरी ९: मदत कधी आणि कोणाची घ्यावी

खालीलपैकी काहीही असेल तर एकट्याने या पायऱ्या करत बसू नका:

- जेवल्यावर मुद्दाम उलटी करणे किंवा वजनासाठी जुलाबाची औषधे घेणे.
- झपाट्याने वजन घटणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, छातीत धडधडणे.
- इतरांना न दिसणाऱ्या एखाद्या ‘दोषा’च्या विचारात दिवसाचे तास जाणे, कॉलेज किंवा नोकरी बुडणे.
- जगणे नकोसे वाटणे.

तिसऱ्या लक्षणाची नोंद इटालियन डॉक्टर एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच केली होती. आज त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यात सौंदर्यशस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही, मात्र विशिष्ट मानसोपचार आणि औषधे यांनी आराम पडतो.

केंद्र सरकारच्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ही सेवा विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. पहिल्या भेटीला वही, अहवाल आणि औषधांची यादी न्या. पावडर विकत घेण्याची अट घालणाऱ्या ‘डाएट कोच’कडे जाणे म्हणजे मदत घेणे नव्हे.

पायरी १०: घरात मुले असतील तर

वयात येताना मुलींच्या शरीरात चरबी वाढते आणि मुलांची उंची काही काळ अचानक वाढून ती लुकडी दिसतात. दोन्ही अपेक्षितच आहे. मुलाच्या वजनाची शंका असेल तर प्रौढांचा बीएमआय तक्ता लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. बालरोगतज्ज्ञांकडून त्यांवर नोंद करून घ्या आणि त्याविषयीची चर्चा मूल खोलीत नसताना करा. आहारात बदल सुचवला गेला तर तो सबंध घराच्या ताटात करावा. एकट्या मुलाची पोळी मोजू नये.